मिनामी-दाइतो: बेट ओकिनावाचं, टीव्ही टोकियोचा

जपानच्या दक्षिण टोकाच्या ओकिनावा प्रांतात पाऊस मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागतो आणि जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उघडतो. टोकियोत तो जूनच्या सुरुवातीला येतो आणि जुलैच्या मध्यानंतर जातो. १९९८ ते २०११ या काळात मिनामी-दाइतो बेटावरच्या एखाद्या घरात जूनमध्ये खाजगी वाहिनी लावली, तर निवेदिका पाऊस सुरू झाल्याचं सांगत असायची आणि बेटावरचा पाऊस संपत आलेला असायचा. बातमी खरीच होती, फक्त ती तेराशे किलोमीटरांहून लांबच्या गावाची होती.

दुर्गम बेटांवर दूरचित्रवाणी पोहोचवण्याच्या गोष्टी बहुधा तंत्रज्ञानाच्या विजयाच्या असतात: अँटेना उभी राहिली, गावाने टाळ्या वाजवल्या. दाइतो बेटांचं प्रकरण तसं नाही. इथे चित्र स्वच्छ आलं, वाहिन्या भरपूर आल्या, पण त्या दुसऱ्याच्या होत्या. हे कुणाच्या निष्काळजीपणामुळे घडलं नाही. प्रत्येक टप्प्यावर घेतलेला निर्णय त्या त्या वेळी शहाणपणाचाच होता, आणि म्हणून हे प्रकरण मला अभ्यासण्यासारखं वाटतं.

बेटं

ओकिनावा मुख्य बेटाच्या पूर्वेला सुमारे ३६० किलोमीटरवर मिनामी-दाइतो आणि कीता-दाइतो ही दोन वस्तीची बेटं आहेत. मिनामी म्हणजे दक्षिण, कीता म्हणजे उत्तर. दोघांमध्ये आठेक किलोमीटरचा समुद्र आहे आणि दोन्हींची लोकसंख्या मिळून दोन हजारांच्या आत. समुद्रातून वर उचलली गेलेली ही प्रवाळबेटं. चहूबाजूंनी कडे, वाळूचा किनारा जवळजवळ नाहीच. ओकिनावाची राजधानी नाहा, तिथून येणारी बोट धक्क्याला नीट लागू शकत नाही, म्हणून माणसांना लोखंडी पिंजऱ्यात उभं करून क्रेनने उचलून काठावर उतरवतात. विमान आहे, ते तासाभरात पोहोचतं. पीक एकच, ऊस.

१९०० सालापर्यंत इथे माणूस राहत नव्हता. त्या वर्षी हाचिजो बेटावरून पहिले २३ वसाहतकार आले आणि जंगल तोडून ऊस लावला. हाचिजो हे टोकियोच्या प्रशासनाखालचं बेट आहे. मागाहून ओकिनावातून मजूर आले. त्यामुळे दाइतोच्या देवळाच्या उत्सवात ओकिनावाच्या पद्धतीची कुस्ती आणि मुख्य जपानच्या पद्धतीची सुमो अशा दोन्ही होतात. जेवणात हाचिजोकडची सुशी आहे आणि ओकिनावाच्या शेवयाही. महायुद्ध संपेपर्यंत अख्खं बेट साखर कंपनीच्या मालकीचं होतं. व्यवहारासाठी नाणीनोटा नव्हत्या, कंपनीची कूपनं चालत. ग्रामप्रशासन आलं ते १९४६ मध्ये, आणि कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी झाल्या त्या १९६४ मध्ये. ‘हे बेट कुणाचं?’ हा प्रश्न तिथे टीव्हीच्या कितीतरी आधीपासून होता.

लहरी का पोहोचत नव्हत्या

टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालत नाहीत. ओकिनावाचा सर्वांत उंच डोंगर पाचशे मीटरचा, मिनामी-दाइतोचा सर्वांत उंच भाग ७५ मीटरचा. दोन्ही टोकांवर मनोरे उभारले तरी त्यांची एकमेकांशी दृष्टादृष्ट सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या पुढे होत नाही. उरलेल्या दोनशे किलोमीटरांत मधला टप्पा उभारायला एखादा खडकसुद्धा नाही.

रेडिओची गोष्ट थोडी बरी होती. मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून लांब जातात, त्यामुळे दिवसा नाहाचं केंद्र खरखरत का होईना लागायचं. रात्र झाली की वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन चीन, कोरिया, तैवानची केंद्रं त्याच पट्ट्यात घुसायची. वादळ येण्याची शक्यता असलेल्या रात्री रेडिओवर नेमकी परदेशी भाषा ऐकू यावी, ही बेटकऱ्यांची जुनी तक्रार. गंमत म्हणजे मिनामी-दाइतो हे नाव उभ्या जपानच्या कानावरचं आहे. तिथे हवामान वेधशाळा आहे आणि एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या रेडिओवरच्या हवामानवृत्तात इशिगाकी, नाहा यांच्यामागोमाग मिनामी-दाइतोचा वारा आणि वायुदाब वाचला जायचा. चक्रीवादळाच्या बातम्यांत तर ‘मिनामी-दाइतोच्या आग्नेयेला इतके किलोमीटर’ हे ठरलेलं वाक्य. बेटाचं नाव देशभर जात होतं, परत काही येत नव्हतं.

टेप, मग उपग्रह

ओकिनावा १९७२ च्या १५ मेपर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होता. मुख्य बेटावर खाजगी टीव्ही १९५९ मध्येच सुरू झाला. नैर्ऋत्येकडच्या मियाको आणि याएयामा बेटांवर तो १९६७ च्या डिसेंबरात आला, तोही सार्वजनिक केंद्राचा, आणि कार्यक्रमांच्या टेपा विमानाने मागवून. खाजगी वाहिन्यांनी तिथे पोहोचायला १९९३ उजाडलं. मियाको-याएयामामध्ये तेव्हाही लाखभर माणसं राहत होती. तिथे एवढा उशीर होत असेल, तर दाइतोचा नंबर कुठे लागणार हे सांगायला नको. दाइतोवरही सुरुवात १९७० च्या दशकात टेपांवरच झाली.

१९८४ च्या जानेवारीत जपानने थेट घरातल्या तबकडीवर कार्यक्रम पाठवणारा उपग्रह सोडला. ‘युरी-२ए’ हे त्याचं नाव, जागा विषुववृत्तावर ११० अंश पूर्व रेखांशाच्या वर. एनएचकेने हा खटाटोप केला तो डोंगरदऱ्यांत आणि बेटांवर न दिसणारं चित्र दिसावं म्हणून. वर गेल्यावर त्याच्या तीनपैकी दोन प्रक्षेपकांनी दगा दिला, त्यामुळे १२ मेपासून एकाच वाहिनीवर ‘प्रायोगिक’ प्रसारण सुरू करावं लागलं. दाइतोला आणि टोकियोपासून हजार किलोमीटरवरच्या ओगासावारा बेटांना देशाच्या इतर भागाबरोबर एकाच क्षणी टीव्ही दिसू लागला तो या एका वाहिनीमुळे. पुढे १९८७ मध्ये एनएचकेने उपग्रहावर स्वतंत्र कार्यक्रम सुरू केले आणि मूळ हेतू मागे पडला. शहरातले हौशी लोकच तबकड्या घेऊ लागले.

उपग्रहाचं एक वैगुण्य बेटांवर फार जाणवतं. बारा गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लहर जोरदार पावसात क्षीण होते. वादळाची बातमी सर्वांत जास्त हवी तेव्हाच पडद्यावर चौकटी पडतात आणि मग काळोख होतो.

१९९८ चा निर्णय

एनएचकेला जपानच्या प्रसारण कायद्यानेच देशभर सर्वत्र पोहोचण्याचं बंधन घातलं आहे, आणि त्यासाठी घराघरांतून शुल्क मिळतं. खाजगी वाहिन्यांचं तसं नाही. त्यांना परवाना प्रांतापुरता मिळतो आणि प्रांतात सगळीकडे दिसण्यासाठी त्यांनी ‘प्रयत्न करावा’ एवढीच कायद्याची अपेक्षा. त्यांचं उत्पन्न जाहिरातीतून येतं. नाहातल्या मोटारविक्रेत्याने सातशे-आठशे घरांच्या उसाच्या बेटावर आपली जाहिरात दिसावी म्हणून चार पैसे जास्त द्यावेत, असं काही नव्हतं.

इकडे १९९६ मध्ये ओगासावाराचा प्रश्न सुटला. ती बेटं टोकियो महानगराचाच भाग आहेत, १९६८ च्या जूनमध्ये अमेरिकेकडून परत आलेली, विमानतळ नसलेली, बोटीने चोवीस तासांवरची. टोकियोच्या वाहिन्या दळणवळण उपग्रहावर चढवायच्या, बेटावरच्या केंद्रात उतरवायच्या आणि तिथल्या मनोऱ्यावरून साध्या अँटेनांना वाटायच्या अशी व्यवस्था झाली. सरकारी पैसा लागला, पण लाभार्थी टोकियोचेच नागरिक होते.

एकदा हा झोत आकाशातून खाली येऊ लागला की तो ओगासावाराच्या हद्दीत थांबत नाही. त्याच उपग्रहाच्या छायेत हजारभर किलोमीटर पश्चिमेकडचं दाइतोही येतं. म्हणजे दाइतोत फक्त उतरवून घेणारं केंद्र आणि वाटप करणारा मनोरा उभारायचा, चढवण्याचा खर्च आधीच झालेला. उलट नाहाच्या वाहिन्या द्यायच्या तर प्रत्येकीसाठी उपग्रहावर वेगळी जागा भाड्याने घ्यावी लागली असती, वर्षानुवर्षं, त्या मूठभर घरांसाठी. १९९८ मध्ये दाइतोवर टोकियोच्या खाजगी वाहिन्या सुरू झाल्या.

या निर्णयाला वाईट म्हणणं सोपं आहे, मला ते पटत नाही. गावाच्या जागी बसून पाहा. एकीकडे आज मिळणाऱ्या पाच-सहा वाहिन्या, दुसरीकडे कधी येईल माहीत नसलेली समुद्राखालची तार. बेटावर माध्यमिक शाळेनंतर शिक्षण नाही, मुलं पंधराव्या वर्षी घर सोडून नाहाकडे जातात. वर्गातली इतर मुलं ज्या मालिकांबद्दल बोलतात त्या आपल्या मुलांनी कधी पाहिलेल्याच नसाव्यात, हे कुठल्या आईबापांना आवडेल? देशभर गाजणाऱ्या मालिका टोकियोच्या वाहिन्यांवरच बनतात. त्या बाबतीत दाइतोची मुलं मागे तर राहिली नाहीतच, उलट थोडी पुढेच गेली, कारण ओकिनावात खाजगी वाहिन्या तीनच, प्रत्येक टोकियोच्या एकेका वाहिनीशी जोडलेली: टीबीएसशी जोडलेली आरबीसी, फुजीशी जोडलेली ओटीव्ही आणि १९९५ मध्ये आलेली, टीव्ही आसाहीची क्यूएबी. टोकियोच्याच निप्पॉन टीव्हीची संलग्न वाहिनी ओकिनावात आजही नाही. दाइतोचं पोर नाहाच्या पोराला न दिसणारे कार्यक्रम घरी बसून बघत होतं.

न दिसलेलं काय

न दिसलेल्या गोष्टींची यादी करणं अवघड असतं, कारण माणसाला त्यांची उणीव लगेच कळत नाही. तरी काही ठळक गोष्टी आहेत.

१९९८ च्याच नोव्हेंबरात ओकिनावाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. अमेरिकी तळांना विरोध करणारे मासाहिदे ओता हरले आणि केइइची इनामिने निवडून आले. ओकिनावातला फुतेन्मा हा अमेरिकी तळ हलवायचा की नाही, हलवला तर कुठे, यावर प्रांत दुभंगलेला होता. नाहाच्या वाहिन्यांवर संध्याकाळच्या बातम्यांत रोज हाच विषय असे. टोकियोच्या वाहिन्यांसाठी ती देशाच्या एका टोकाची बातमी, दिवसाकाठी मिनिट-दोन मिनिटांची. पुढच्याच वर्षी टोकियोच्या गव्हर्नरची निवडणूक आली तेव्हा मात्र त्या वाहिन्यांवर उमेदवारांची रेलचेल होती. दाइतोचा मतदार टोकियोत मत देऊ शकत नव्हता, पण तिथल्या उमेदवारांचे चेहरे त्याच्या चांगले ओळखीचे झाले असतील.

२३ जून हा ओकिनावात युद्धातल्या मृतांच्या स्मरणाचा दिवस, प्रांतात सुट्टी असते. १९४५ मधली ओकिनावाची लढाई हा तिथे घराघरातला विषय आहे. स्थानिक वाहिन्या त्या सुमारास दिवसच्या दिवस त्यावर देतात. टोकियोच्या वाहिन्यांवर तो दिवस म्हणजे ओकिनावातल्या माबुनीच्या स्मृतिसमारंभाची एक चित्रफीत असते. ओकिनावात पितरांचा सण ओबोन चांद्र पंचांगाने पाळतात, त्यामुळे जाहिरातींतला सण आणि घरातला सण एका वेळी येत नाहीत. चेरीचंही तेच: ओकिनावात ती जानेवारी-फेब्रुवारीत फुलून जाते आणि टोकियोच्या बातम्यांत मार्चअखेर बहराचे दिवस मोजले जातात. दाइतोवर जानेवारी ते मार्च ऊसतोडणीचे दिवस असतात, कारखाना धडधडत असतो, आणि टीव्हीवर टोकियोत बर्फ पडल्याने कोणती लोकल बंद आहे ते सांगतात.

वादळाच्या वेळी याची खरी किंमत कळते. जपानी वाहिन्यांवर आपत्तीच्या काळात मूळ कार्यक्रम थोडा आकसून पडद्याच्या कडेला आणि तळाला काटकोनी पट्टी येते. तिच्यात कोणत्या गावाला इशारा, कोणती विमानं रद्द, कोणती बोट निघणार नाही, शाळा कुठे बंद हे सरकत राहतं. नाहाच्या वाहिन्यांवर त्यात दाइतोची बोट आणि विमान असतं. टोकियोच्या वाहिनीला वादळात रस निर्माण होतो ते वळून कांतोकडे, म्हणजे टोकियोच्या आसपासच्या प्रदेशाकडे, येणार असेल तर. दाइतोवरून वादळ निघून गेलेलं असतं तेव्हा टोकियोच्या स्टुडिओत त्याची चर्चा सुरू होते. कांतोमधल्या बारीकसारीक भूकंपांच्या ओळी मात्र दाइतोच्या पडद्यावर इमानेइतबारे उमटत राहायच्या.

शेजारच्या प्रदेशाचं केंद्र ऐकत मोठं होणं आपल्याकडेही आहे. वेंगुर्ले-सावंतवाडीकडे रेडिओवर पणजी केंद्र सहज लागायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पण पणजी पन्नास-साठ किलोमीटरवर. पाऊस एक, मासे एक, बोलणंही जवळचं. दाइतो आणि टोकियो यांच्यात असं सामाईक फारसं काही नाही, हाचिजोहून आलेल्या पणजोबांखेरीज.

२०११

बदल घडला तो कुणाला स्थानिक बातम्यांचा पुळका आला म्हणून नव्हे. जपानने जुनं अॅनालॉग प्रसारण २४ जुलै २०११ रोजी बंद करायचं ठरवलं होतं. भूकंप-त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना तेवढी पुढच्या मार्चपर्यंत सवलत मिळाली. अॅनालॉग बंद म्हणजे ओगासावाराची उपग्रह-व्यवस्थाही मोडीत निघणार. ओगासावारासाठी हाचिजोहून समुद्राखालून प्रकाशतंतूची तार टाकली गेली, तशीच ओकिनावाहून दाइतोसाठी. जुलै २०११ पासून दाइतोच्या घरांत नाहाच्या वाहिन्या दिसू लागल्या, आणि टोकियोच्या बंद झाल्या.

हे वाक्य दोन्ही बाजूंनी वाचायला हवं. आपल्या प्रांताची बातमी आली, बोटीची सूचना आली, आपल्या शाळेचा संघ नाहाच्या स्पर्धेत खेळला तर तो टीव्हीवर दिसण्याची शक्यता आली. आणि निप्पॉन टीव्ही गेला. तेरा वर्षं जो कार्यक्रम जेवताना पाहायचा तो एका रविवारी संपला. ‘स्थानिक’ हा शब्द धोरणाच्या कागदावर नेहमी लाभाच्या रकान्यात येतो. इथे त्यासाठी काही द्यावं लागलं, आणि ते देणाऱ्यांना विचारून घेतलेलं नव्हतं. परवान्याच्या हद्दीच तशा आहेत.

शिवाय नाहाची वाहिनी म्हणजे दाइतोची वाहिनी नव्हे. नाहाहून कॅमेरा घेऊन यायचं तर विमानाचं तिकीट आणि मुक्काम आला. त्यामुळे दाइतो बातमीत येतं ते वादळात, ऊसतोडणीला, आणि मार्चमध्ये मुलं बेट सोडून जातात तेव्हा. ही नाहाची नजर आहे, टोकियोपेक्षा जवळची, तरी पाहुण्याचीच.

बेटाचं स्वतःचं केंद्र असू शकतं का? जपानने १९९२ पासून छोट्या सामुदायिक एफएम केंद्रांना परवानगी दिली, ताकद जास्तीत जास्त वीस वॅट. कागोशिमा प्रांतातल्या आमामी बेटावर २००७ मध्ये असं केंद्र सुरू झालं. बेटाच्या बोलीत गप्पा, बेटाची गाणी. २०१० च्या ऑक्टोबरात तिथे ढगफुटीसारखा पाऊस होऊन रस्ते तुटले, तेव्हा या केंद्राने रात्रंदिवस माहिती देत राहून आपली गरज सिद्ध केली. कोणत्या वाडीला वाट उरली आहे, कोण सुखरूप आहे, हे प्रांताच्या राजधानीतून कुणी सांगूच शकलं नसतं. पण आमामीत साठ-सत्तर हजार माणसं, दुकानं, हॉटेलं, वर्गणीदार आहेत. दोन हजारांच्या दाइतोत दोन पगारी निवेदक पोसायलासुद्धा जाहिरातदार मिळणार नाहीत. हा हिशेब भावनेने सुटत नाही.

तिथे खरं स्थानिक प्रसारण करतो तो खांबावरचा भोंगा. जपानच्या बहुतेक गावांत ग्रामपालिकेची आपत्ती-सूचना यंत्रणा असते: कार्यालयातून बोललं की गावभरच्या कर्ण्यांतून ऐकू येतं, घरात बसवलेल्या छोट्या पेटीतूनही. नाव आपत्तीचं, पण बेटांवर त्यातून बोट किती वाजता लागणार, आज लागणारच नाही, दवाखान्यात दातांचे डॉक्टर कधी येणार, असलं सगळं सांगतात. माध्यमांच्या अहवालांत या भोंग्याला जागा नसते. दाइतोच्या प्रकरणाचा हिशेब मांडणाऱ्याने ती द्यावी असं माझं मत आहे. टोकियोच्या तेरा वर्षांत बेटाचं रोजचं काम अडलं नाही, ते मुख्यतः यामुळेच.

२०११ च्या तारेतून टीव्हीबरोबर वेगवान इंटरनेटही आलं. २०१५ मध्ये टोकियोच्या मोठ्या खाजगी वाहिन्यांनी मिळून ‘टीव्हर’ ही मोफत सेवा काढली. तिच्यावर निप्पॉन टीव्हीच्या मालिका देशात कुठेही, मागाहून पाहता येतात, आणि परवान्याची हद्द तिथे आडवी येत नाही. मालिकांपुरता दाइतोचा तोटा त्यामुळे बराचसा भरून निघाला. ज्यांना अजूनही टीव्ही म्हणजे खोलीतला तो पडदाच, त्या म्हाताऱ्या माणसांचा नाही. आणि सगळं एकाच मार्गाने येऊ लागल्यावर वेगळी काळजी सुरू झाली: किनाऱ्याजवळच्या खडकांवर लाटांनी तार घासून तुटली तर टीव्ही, फोन, इंटरनेट तिन्ही एकदम जाण्याची भीती, आणि दुरुस्तीचं जहाज समुद्र शांत झाल्याखेरीज काम करू शकत नाही. तशी वेळ आली तर नाहाचं केंद्र पुन्हा दिवसा खरखरत, मध्यम लहरींवर शोधायचं.